ऑलिंपियांतील दोन पंचांस झालेला दंड

खेळांतील पंचांचा निर्णय अखेरचा मानावा कीं त्या निर्णयाचाही कोणीं न्याय करावा, हा वाद अलीकडचा समजला जातो. तो निदान इ. स. पू. ३९६ पर्यंत मागें नेतां येतो.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत पॉसानियस या ग्रीक प्रवाशानें आपल्या देशाचें वर्णन लिहिलें. त्याच्या सहाव्या भागांत ऑलिंपिया येथील पुतळ्यांची जी याद आहे, तींत ईलिसचा धांवपटु यूपोलेमस येतो. पुतळ्यावरील लेखांत त्याच्या विजयांपलीकडे कांहीं नव्हतें. पॉसानियस मात्र एक हकीकत जोडतो ती अशी : शर्यतीस तीन पंच उभे होते, दोघांनीं कौल यूपोलेमसला दिला, तिसऱ्यानें अँब्रेशियाच्या लेऑनला. लेऑननें ऑलिंपियाच्या सभेकडे दाद मागितली व सभेनें त्या दोघांही पंचांस दंड केला.

हकीकत ऐकीव आहे, हें तो स्वतःच सांगतो. मग ती टाकावी काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. पांचव्या भागांत तो म्हणतो कीं, ५० व्या ऑलिंपियडपासून दीर्घकाळ पंच दोनच होते, पुढें नऊ झाले. तिघांकडे रथ, तिघांकडे पंचक्रीडा व उरलेल्यांकडे बाकीचे सामने. हा बदल पोथ्यांत २५ व्या ऑलिंपियडचा म्हणून पडला आहे. पन्नासानंतर पंचवीस येणें शक्य नाहीं. लेखकाचा हात चुकला हें उघड. संशोधक ९५ वें, कोणी ७५ वें, असा पाठ सुचवितात. यूपोलेमसची शर्यत ९६ व्या ऑलिंपियडची. कोणताही पाठ घेतला तरी धांवण्यास तीनच पंच उरतात. कल्पित गोष्टींत असा मेळ सहसा बसत नाहीं.

परंतु दंड झाला म्हणून निकाल फिरला नाहीं. पुतळा उभाच राहिला, आणि पॉसानियस आठव्या भागांत त्या ऑलिंपियडची ओळख यूपोलेमसच्याच नांवानें देतो. (डायोडोरसच्या ग्रंथांत हेंच नांव यूपोलिस असें आहे.) लेऑनच्या पदरीं काय पडलें ? पंचांची नामुष्की, एवढेंच.

येथें एक गोष्ट विसरूं नये. हे पंच ईलिसचे आणि विजयीही ईलिसचाच. हेरोडोटस सांगतो कीं, ईलिसचे वकील पूर्वीं मिसरच्या साम्मिस राजाकडे आपल्या नियमांची वाखाणणी करीत गेले असतां, तुमचे स्वतःचे लोक सामन्यांत उतरतात तोंवर न्याय कसला, असें तिकडील शहाण्यांनीं त्यांस ऐकविलें. ईलिसकरांनीं तो सल्ला मानला नाहीं. पुढें इ. स. पू. ३७२ त तर ट्रोइलस नांवाच्या पंचानें स्वतः पंच असतांना रथांच्या शर्यती जिंकल्या ! तेव्हां कोठें पंचानें रथ उतरवूं नये असा कायदा झाला. या ट्रोइलसचा ब्राँझचा पत्रा ऑलिंपियाच्या उत्खननांत सांपडला आहे. आपण त्या वेळीं पंच होतों, हें त्यांत त्यानें मोठ्या अभिमानानें कोरविलें आहे.