हात पाहून सांगितलेली मागची गोष्ट

श्रोतेहो, जत्रेत हात पाहणाऱ्या जोश्यापुढे तुम्ही कधी बसला असाल, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. तो पुढचे कधीच आधी सांगत नाही. आधी मागचे सांगतो. "लहानपणी मोठ्या दुखण्यातून उठलास. भावकीत कुणाशी तरी बिनसले आहे. हाती आलेला पैसा टिकला नाही." आपण मान हलवतो. कारण मागचे खरे की खोटे हे आपल्याला पारखता येते, आणि ते एकदा पटले की पुढचे आपण न पारखताच घेतो. जोशी हुशार असतो. तळव्यावरचे घट्टे, नखांतली माती, सदऱ्याचे ठिगळ, आपण कुठे गप्प झालो, हे सगळे तो पाहतो. रेषा पाहायच्या त्या रिवाजापुरत्या.

या चालीला मी हसत नाही. हात माणसाचे मागचे सांगतो हे अगदी खरे आहे. नांगर धरणाऱ्याचा हात, विणकराचा हात, चुन्यात काम करणाऱ्या गवंड्याचा हात हे न सांगता ओळखू येतात. मोठा ताप येऊन गेला, तर पुढे नखांवर आडवी खाच दिसू लागते. बोटाचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, तेव्हा खाच किती वर सरकली यावरून दुखणे केव्हाचे हे डॉक्टर सांगू शकतो. आणि ज्या रेषांवर जोशी बोट फिरवतो, त्या तर आपण आईच्या पोटात असताना, तिसऱ्या महिन्याच्या आसपास पडू लागतात. त्यात धन नसते, आयुष्य नसते. मूठ कुठे मिटायची याच्या त्या घड्या.

पण आज मला सांगायचे आहे ते या मोठ्या रेषांविषयी नाही. बोटांच्या टोकांवर त्यांहून बारीक अशा ज्या रेघा असतात, त्यांविषयी आहे. आपल्या हस्तसामुद्रिकात त्यांना चक्र आणि शंख म्हणतात. लहानपणी शाळेत आम्ही एकमेकांची चक्रे मोजत असू. दहाही बोटांवर चक्र असेल तो राजा होणार, अशी आमची खात्री. आमच्या वर्गात असा एक मुलगा निघाला होता. राजा काही तो झाला नाही. पण चक्रे मोजण्याचा हाच खेळ साऱ्या जगाच्या पोलिसांनी एकेकाळी उचलला, आणि तो आपल्या देशात, बंगालमध्ये, रचला गेला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

१८५८ साल. बंडाचा वणवा अजून पुरता विझलेला नव्हता. मुर्शिदाबाद जिल्ह्यात जंगीपूर येथे विल्यम हर्शल नावाचा एक तरुण इंग्रज अंमलदार होता. याच्या आजोबाने १७८१ मध्ये एक नवा ग्रह शोधला होता. आपल्या पंचांगांत त्या ग्रहाला हर्शल म्हणतात तो याच घराण्यामुळे. म्हणजे आजोबा जोश्यांच्या कुंडलीत जाऊन बसला आणि नातू हाताकडे वळला! तर या नातवाने रस्त्यावर घालायच्या कंकराचा करार राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी केला. मनात शंका अशी की, उद्या हा गृहस्थ "ही सही माझी नव्हेच" म्हणाला तर? म्हणून हर्शलने कचेरीच्या शिक्क्यासाठी केलेली तेलाची शाई कोनाईच्या तळहाताला फासली आणि कराराच्या पाठीवर त्याचा अख्खा पंजा उमटवून घेतला. त्यात शास्त्र नव्हते. धाक बसावा एवढाच हेतू होता.

पंजा उमटवण्याची चाल आपल्याकडे जुनीच. मोगल बादशहा खास फर्मानावर आपल्या पंजाचा ठसा देत. फरक पाहा हं. बादशहाचा पंजा म्हणजे त्याने दिलेला शब्द. कोनाईचा पंजा म्हणजे त्याच्या शब्दावर नसलेला विश्वास.

हर्शलला मात्र या ठशांचा नाद लागला. स्वतःच्या बोटांचे ठसे त्याने तरुणपणी घेतले आणि पुढे म्हातारपणी पुन्हा घेतले. पन्नासहून अधिक वर्षांत रेघ बदलली नव्हती. १८७७ मध्ये हुगळीला असताना त्याने पेन्शनदारांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, कारण मेलेल्या माणसाचे पेन्शन दुसराच कोणी उचलून नेई. खरेदीखते नोंदवणाऱ्यांचे आणि कैद्यांचेही त्याने ठसे घेतले. पुढे १८८० मध्ये जपानमध्ये काम करणारा हेन्री फॉल्ड्स नावाचा स्कॉटिश डॉक्टर 'नेचर' या इंग्रजी नियतकालिकात लिहून गेला की, चोराच्या बोटांच्या खुणांवरून चोर सापडेल. मग पहिला कोण, यावरून दोघांचा वाद झाला. तो आपण सोडून देऊ.

अडचण निराळीच होती. समजा, कचेरीत लाखभर माणसांचे ठसे आहेत आणि आज एक माणूस पकडून आणला. तो आपले नाव खोटे सांगतो. आता त्या लाखांत याचा जुना ठसा कसा शोधायचा? एकेक पाहत बसले तर वर्ष जाईल. ठशाला अनुक्रम हवा, जसा शब्दकोशात अक्षरांना असतो. नाहीतर लाख ठसे म्हणजे नुसती रद्दी.

ही गाठ कलकत्त्यात सुटली. बंगालचा पोलीस इन्स्पेक्टर जनरल एडवर्ड हेन्री याच्या हाताखाली दोन सबइन्स्पेक्टर होते. एक खुलना जिल्ह्याचा अझीझुल हक, प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेला. दुसरा नदिया जिल्ह्याचा हेमचंद्र बोस. त्यांच्या हातून जी युक्ती तयार झाली ती शिक्षक मंडळींनी वर्गात करून पाहावी, मुलांना फार आवडते.

उजव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत बोटांना १ ते १० आकडे द्या. मग दोन-दोनच्या जोड्या पाडा. पहिल्या जोडीचे मोल १६, दुसरीचे ८, मग ४, मग २ आणि शेवटच्या जोडीचे १. ज्या बोटावर चक्र असेल त्याचेच मोल धरायचे; बाकीच्यांना शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज करून तीत १ मिळवा, तो अंश. विषम क्रमांकाच्या बोटांची बेरीज करून तीतही १ मिळवा, तो छेद. समजा, फक्त दोन्ही अंगठ्यांवर चक्र आहे. डावा अंगठा सहावा, त्याचे मोल ४, म्हणून अंश ५. उजवा अंगठा पहिला, त्याचे मोल १६, म्हणून छेद १७. अपूर्णांक झाला ५/१७. एकही चक्र नसेल तर १/१ आणि दहाही असतील, म्हणजे आमचा तो वर्गातला राजा, तर ३२/३२. बत्तीस गुणिले बत्तीस, असे १०२४ खण झाले. माणूस आला की बोटे पाहायची, अपूर्णांक काढायचा आणि नेमका तो खण उघडायचा. खणाच्या आत पुन्हा बारीक पोटविभाग असत.

सरकारने चौकशी समिती नेमली, ती खूष झाली, आणि १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी उघडली. या तऱ्हेची जगातली ती पहिली म्हणतात. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात हीच पद्धत १९०१ मध्ये गेली, आणि हेन्री पुढे लंडनचा पोलीस कमिशनर झाला. पद्धतीला नाव पडले हेन्रीचे. हकना खानबहादूर आणि बोसना रायबहादूर या पदव्या मिळाल्या त्या १९२४ मध्ये, उमेदीची वर्षे सरल्यावर. हेन्रीने १९२६ मध्ये हकचा वाटा मोठा होता असे लिहून दिले खरे, पण तोवर हेन्रीचे नाव पुस्तकांत पक्के बसले होते. आता अलीकडे इंग्लंडमधल्याच ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने या दोघांच्या नावाने पारितोषिक ठेवले आहे.

कचेरी उघडली त्याच साली जलपाईगुडी जिल्ह्यात एका चहाच्या मळ्याच्या मॅनेजरचा गळा चिरून खून झाला. पेटी फोडलेली होती. संशय साऱ्यांवर: मळ्यातले मजूर, स्वयंपाकी, फिरते काबुली. पेटीत एक निळ्या वेष्टणाचे बंगाली पंचांग सापडले आणि त्यावर तपकिरी रंगाचे दोन पुसट डाग. डाग रक्ताचे होते आणि त्यांतल्या एकात अंगठ्याच्या रेघा होत्या. लोक पंचांग उघडतात ते पुढचे पाहण्यासाठी. या पंचांगाने मागचे सांगितले. कचेरीत शोध घेतला तेव्हा ठसा जुळला तो कांगाली चरण नावाच्या माणसाशी. तो त्याच मॅनेजरचा जुना नोकर, चोरीबद्दल तुरुंगात जाऊन आलेला. दूर बीरभूम जिल्ह्यात तो पकडला गेला.

पुढचा निकाल ऐका. १८९८ मध्ये कोर्टाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले, पण खुनातून सोडले. खून करताना त्याला कोणी पाहिले नव्हते. आज कित्येकांना हा निकाल कच्चा वाटतो. मला त्यात शहाणपण दिसते. अंगठा एवढेच बोलला होता की मी इथे होतो. तिथे काय घडले, हे तो बोलला नव्हता.

आणि मंडळी, मुद्दा हाच आहे. बोट स्वतः मागचे काहीच सांगत नाही. ते फक्त म्हणते, "हा तोच." मागचे काय ते रजिस्टरात असते, आणि रजिस्टर माणूस लिहितो. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्याने त्यांतल्या नोंद झालेल्या माणसांचे ठसे केव्हाही घेण्याची मुभा दिली. आमच्या सोलापूरची सेटलमेंट पुष्कळांना माहीत आहे. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा लोकांनी काय केले याची चौकशी नाही. जात पाहून मागचे आधीच लिहून ठेवलेले, ठसा फक्त खाली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कागद फाटला तरी लोकांच्या मनातले रजिस्टर काही लगेच फाटत नाही, हे त्या वस्त्यांतली मुले ज्यांच्या शाळेत येतात त्या शिक्षकांना मी सांगायला नको.

दक्षिण आफ्रिकेतही ट्रान्सवाल सरकारने १९०६ मध्ये हिंदी लोकांची दहा बोटे मागितली, तेव्हा गांधीजी उभे राहिले आणि सत्याग्रह जन्माला आला. तडजोड झाल्यावर त्याच गांधीजींनी १९०८ मध्ये आपणहून ठसे द्यायचे ठरवले. त्या पायी स्वतःच्याच माणसाचा मार खाल्ला आणि अंथरुणावर पडूनही ठसे दिले. हात तोच, शाई तीच. सक्तीने घेतलेला ठसा आणि आपण होऊन दिलेला ठसा यांतले अंतर त्यांना ठाऊक होते.

आपल्याकडे "अंगठेबहाद्दर" हा शब्द हिणवण्यासाठी वापरतात. आता काळ असा आला आहे की शिकलेले, न शिकलेले सगळेच अंगठा लावतात. आधारचा पहिला क्रमांक २०१० मध्ये दिला गेला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. रेशनच्या दुकानात यंत्रावर बोट ठेवायचे, यंत्राने "हा तोच" म्हणायचे, मग धान्य मिळायचे. पण उसाची मोळी बांधून, भांडी घासून, विटा उचलून, विडीची पाने वळून ज्यांच्या रेघा झिजल्या आहेत, त्यांना यंत्र कधी कधी ओळखत नाही. ठशाच्या जागी डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या आकड्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. ती मागण्याचा आपला हक्क आहे, हे गावातल्या वडीलधाऱ्यांना अवश्य सांगा. नाहीतर म्हातारी पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते, पुन्हा पुसते. साठ वर्षांचे काम त्या बोटावर लिहिलेले असते. दुकानदार तिला चांगला ओळखतो, लहानपणापासून मावशी म्हणतो, आणि तरी म्हणतो, "मावशी, दुसरे बोट लावून बघा."