जोड-अवजारे आणि जुन्या गार्डन ट्रॅक्टरांचा जीर्णोद्धार : अमेरिकेतील लघुयंत्रांच्या इतिहासाचा एक विचार

प्रस्तावना

यंत्रांच्या इतिहासलेखनात मानाचे पान नेहमीच इंजिनास मिळाले आहे. अश्वशक्ती, निर्मितीचे वर्ष, कारखान्याचे नाव यांची नोंद होते. परंतु यंत्राला अवजार जोडणारी खीळ, कडी, पट्टा किंवा पुली यांच्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या छोट्या गार्डन ट्रॅक्टरांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेषत्वाने जाणवते. ही यंत्रे आज तेथील हौशी कारागीर आपापल्या गॅरेजमध्ये पुन्हा चालती करीत आहेत. वरवर पाहता हा छंद आहे. परंतु त्यात इतिहासाचा एक खरा प्रश्न दडलेला आहे. जीर्णोद्धार कशाचा करावयाचा? केवळ ट्रॅक्टरचा, की ट्रॅक्टर व त्याची जोड-अवजारे मिळून सिद्ध होणाऱ्या कामाच्या व्यवस्थेचा? प्रस्तुत लेखात दुसरा पक्ष ग्राह्य मानला आहे. ही दृष्टी आपल्याकडील शेतकऱ्यास नवी वाटू नये. एकच बैलजोडी नांगर, कुळव, पाभर आणि कोळपे ओढीत आली. अवजार बदलले तरी जू बदलत नसे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गार्डन ट्रॅक्टरचा उगम मोठ्या शेतीत झाला नाही. वेस्ट व्हर्जिनियातील डनबार येथील बेंजामिन ग्रेव्हली हे व्यवसायाने छायाचित्रकार होते. बागेची मशागत सुकर व्हावी म्हणून त्यांनी हातनांगरास मोटारसायकलचे भाग जोडून एक यंत्र बनविले. त्याचे पेटंट १९१६ मध्ये मिळाले आणि १९२२ मध्ये कंपनी स्थापन झाली. पुढे आलेल्या ग्रेव्हलीच्या दुचाकी ट्रॅक्टरात इंजिनाची शक्ती पट्ट्याऐवजी दातेरी चक्रांमार्फत थेट पुढच्या अवजारास मिळे, आणि अवजार मोजक्या बोल्टांनी बसविता येई. पुढील अर्धशतकातील गार्डन ट्रॅक्टरांच्या सगळ्या कल्पनेचे बीज या साध्या जोडणीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना घरबांधणीसाठी कर्जाची हमी मिळाली, शहरांभोवती उपनगरे पसरली, आणि शेत नव्हे पण अंगणही नव्हे एवढ्या जमिनीचे मालक मोठ्या संख्येने निर्माण झाले. एल्मर पाँड आणि त्यांचे पुत्र सेसिल यांनी इंडियानातील साउथ बेंड येथे १९४६ मध्ये जो उद्योग आरंभिला, तो पुढे ‘व्हील हॉर्स’ या नावाने प्रसिद्धीस आला. इंटरनॅशनल हार्वेस्टर या बलाढ्य कंपनीने १९६० मध्ये ‘कब कॅडेट’ बाजारात आणला. त्यात कोहलर कंपनीचे सात अश्वशक्तीचे इंजिन होते, तर मागील दातेरी चक्रांची रचना त्याच कंपनीच्या ‘फार्मऑल कब’ या शेतीच्या ट्रॅक्टरवरून घेतलेली होती. खेळण्याएवढ्या दिसणाऱ्या यंत्राच्या पोटात शेतीच्या ट्रॅक्टरचे आतडे होते, हेच त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण होय. १९६३ मध्ये जॉन डिअरचा ‘११०’ आला आणि स्पर्धा तीव्र झाली.

जोडणीचा प्रश्न

मोठ्या ट्रॅक्टरांच्या जगात हॅरी फर्ग्युसन यांच्या तीन बिंदूंच्या जोडणीने १९३९ च्या फोर्ड ट्रॅक्टरपासून क्रांती घडविली होती. ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन स्वतंत्र यंत्रे नसून ते एकच यंत्र आहे, हा तिचा गाभा. गार्डन ट्रॅक्टरांच्या निर्मात्यांनी हा गाभा स्वीकारला, परंतु प्रमाणीकरण बराच काळ टाळले. प्रत्येकाने स्वतःची जोडणी काढली. एका कंपनीचा नांगर दुसरीच्या ट्रॅक्टरला सहजी बसत नसे. एकदा ट्रॅक्टर विकला की बर्फ फेकणारे यंत्र, मातीचे पाते, गवताचा डेक हे सर्व त्याच दुकानातून घ्यावे लागे. यात व्यापारी हिशेब नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

आजच्या जीर्णोद्धारकासमोरील मुख्य अडचणीचे मूळ येथे आहे. गवत कापण्याच्या डेकचे उदाहरण घ्यावे. इंजिनाचा दांडा आडवा असतो, पात्यांचे दांडे उभे असतात. त्यामुळे पट्टा काटकोनात वळवावा लागतो आणि त्यासाठी मध्ये दोन पुलींची एक चौकट बसवावी लागते. कारागिरांच्या भाषेत तिला ‘म्यूल ड्राइव्ह’ म्हणतात. डेक मिळतो, ट्रॅक्टरही मिळतो, पण ही हातभर चौकट मिळत नाही. कारण ती सुटी असताना तिचे प्रयोजनच कोणास कळत नाही आणि ती भंगारात जाते. पुली किंचित जरी रेषेबाहेर असल्या, तरी पट्टा उलटतो किंवा कडेने झिजतो. त्यातच कब कॅडेटची चौकट १९७० च्या दशकाच्या प्रारंभी रुंद झाली, त्यामुळे एकाच नावाच्या ट्रॅक्टरांतही जुने अवजार नव्या चौकटीवर बदल केल्यावाचून बसत नाही.

बीड आणि गंज

इंजिनाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. कोहलरच्या ‘के’ मालिकेतील इंजिनांचा ब्लॉक बिडाचा असे. सिलिंडर झिजला की तो बोअर करून १०, २० किंवा ३० सहस्रांश इंच मोठा पिस्टन बसविता येतो. म्हणजे दुरुस्तीची तरतूद मूळ रचनेतच होती. या मालिकेतील काही मोठ्या इंजिनांत कंप कमी करण्यासाठी संतुलन-चक्रे बसविलेली होती. ती तुटल्यास ब्लॉकच फुटतो, म्हणून अनेक कारागीर ती काढून टाकतात. येथे मूळ रचनेशी निष्ठा आणि यंत्राचे आयुष्य यांत निवड करावी लागते, आणि आयुष्याची बाजू घेणाऱ्यांना दोष देता येत नाही. गंजलेले सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, बॅटरी चार्जरच्या एकदिश प्रवाहाने गंज सोडविण्याची रीत प्रचलित आहे. दुसऱ्या ध्रुवास साधे लोखंडच लावावे लागते; स्टेनलेस स्टील लावल्यास पाण्यात विषारी क्रोमियम उतरते.

झिजेचा पुरावा

गंज काढून चकचकीत रंग चढविला की काम संपले, असे अनेकांस वाटते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र नेमके तेव्हाच काही हरवते. नांगरणीसाठी वजन वाढावे म्हणून मागील टायरांत कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण भरण्याची पद्धत होती. ते गळून रिम खाल्ली जाई. व्हॉल्व्हभोवती गंजलेली रिम हा ट्रॅक्टर केवळ हिरवळीवर फिरलेला नसावा, याचा पुरावा ठरू शकते. मागील कडीची भोके लंबवर्तुळाकार झाली असल्यास जड अवजार ओढले गेले असावे. ती गोल व रंगीत राहिली असल्यास नांगर विकत घेतला गेला तरी वापरात आला नसावा. उपनगरातील माणूस खरोखर भाजीपाला पिकवीत होता की शेतकरीपणाची हौस भागवीत होता, याचे उत्तर जाहिरातींपेक्षा ही भोके अधिक प्रामाणिकपणे देतात. वेल्डिंग करून ती पुन्हा गोल करणारा कारागीर नकळत एक दस्तऐवज पुसून टाकतो.

मूळ कंपन्यांची सद्यःस्थिती पाहता ही जबाबदारी वाढते. इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेटचा व्यवसाय १९८१ मध्ये एमटीडी कंपनीस विकला. व्हील हॉर्स १९७४ मध्ये अमेरिकन मोटर्सकडे आणि १९८६ मध्ये टोरोकडे गेला. हरवलेला भाग आता बहुधा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवरील भागाची मापे घेऊन घडवावा लागतो. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये तयार झालेल्या व्हेनिस सनदेत, नव्याने घातलेला भाग एकूण रचनेशी सुसंगत असावा, परंतु मुळापासून वेगळा ओळखू यावा, असा दंडक आहे. म्यूल ड्राइव्हच्या नव्या चौकटीस तो सहज लागू करता येतो. आतल्या बाजूस, पट्ट्याआड झाकल्या जाणाऱ्या जागी, घडविल्याचे वर्ष पंच केले तर ट्रॅक्टरच्या रूपास बाध येत नाही, आणि पन्नास वर्षांनी तो उघडणाऱ्यास कोणते लोखंड कोणत्या काळाचे आहे हे समजू शकते.