जानकी अम्माळ : उसाच्या आख्यायिकेपलीकडे

वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ (१८९७–१९८४) यांच्याविषयी अलीकडे जे लिहिले जाते त्यात एक वाक्य हटकून भेटते : त्यांनी भारताचा ऊस गोड केला. वाक्य कानाला बरे वाटते, पण इतिहास म्हणून टिकत नाही. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात बार्बर आणि व्यंकटरामन यांनी लागवडीचा ऊस आणि रानटी काश यांच्या संकरातून काढलेले को २०५ हे वाण १९१८ मध्येच शेतात गेले होते. जानकी अम्माळ त्या केंद्रात रुजू झाल्या १९३४ साली. आम्ही हा तपशील उगाळतो तो त्यांचे श्रेय कमी करण्यासाठी नव्हे. या आख्यायिकेने त्यांचे खरे काम झाकले गेले, म्हणून.

ते काम गुणसूत्रे मोजण्याचे होते. संस्कृत कवींच्या शरदवर्णनात फुलणारा काश आपल्या ओळखीचा आहे. नाव एकच, परंतु त्याच्या गुणसूत्रांची संख्या एका ठिकाणी ४०, तर दुसरीकडे थेट १२८पर्यंत आढळते. म्हणजे एका नावाखाली अनेक वंशेतिहास दडलेले. उसाचा संकर मका, ज्वारी अशा दूरच्या आप्तांशी घडवून जानकीबाई या नात्यांची परीक्षा घेत होत्या. साखर हा त्या केंद्राचा हेतू होता. त्यांचा प्रश्न मात्र नवी जाती निर्माण कशी होते, हा होता.

येथे मराठीच्या वाचकाला थांबावेसे वाटेल. आपल्या परिभाषेत वनस्पतीचीही ‘जाती’च असते, आणि ‘संकर’ हा शब्द धर्मशास्त्रातून कलंक घेऊन आलेला आहे. तलश्शेरीच्या थिय्या कुटुंबात जन्मलेल्या, आईकडून इंग्रज रक्ताचा वारसा असलेल्या या बाईंनी जन्मभर संकराकडे नवतेचा उगम म्हणून पाहिले. यातून त्यांच्या मनाविषयी काही सिद्ध होते असे आम्ही म्हणत नाही. पण शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने हा योग नजरेआड करू नये.

१९३९ मध्ये आनुवंशशास्त्राच्या परिषदेसाठी त्या एडिंबरोला गेल्या आणि युद्धामुळे इंग्लंडातच राहिल्या. लंडनजवळच्या जॉन इन्स संस्थेत डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश सिद्ध केला. तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोश म्हटले की रूक्ष संख्यांची जंत्री डोळ्यांपुढे येते. तशी ती आहेही. परंतु कोणते पीक कोठून निघाले, कोणत्या माणसांबरोबर कोठे पोचले, याचे पुरावे त्या संख्यांत शोधता येतात, ही त्यामागची धारणा होती. पुढे हिमालयाविषयी लिहिताना त्यांनी हीच रीत वापरली : ईशान्येच्या दमट पट्ट्यात चिनी, मलायी आणि भारतीय वनस्पती एकत्र येतात, संकर होतात, गुणसूत्रांचे संच वाढतात आणि नव्या जाती उपजतात, वायव्येच्या कोरड्या थंडीत हे प्रमाण कमी.

नेहरूंच्या निमंत्रणावरून त्या १९५१ साली परतल्या. १८९० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची पुनर्रचना त्यांच्याकडे होती. भारतातल्या असंख्य वनस्पतींचे मूळ नमुने लंडनच्या क्यू उद्यानात. आपल्या झाडाचे नाव पडताळायचे तर समुद्र ओलांडायचा, हे त्यांना खुपत होते. १९५४ मध्ये मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली ती मात्र मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले जेझुइट फादर सांतापाव यांची. डार्लिंग्टनना लिहिताना जानकीबाईंनी हा क्यूचाच विजय मानला.

आमच्या मते त्यांची तक्रार रास्त होती, पण सांतापाव यांच्यापुरती अन्यायाची. जन्माने स्पॅनिश असलेल्या या गृहस्थांनी भारतीय नागरिकत्व घेतले होते, खंडाळ्याचा डोंगर पायाखाली घालून तेथील वनस्पतींचा ग्रंथ १९५३ मध्ये दिला होता, आणि भारतीय विद्यार्थी तयार केले होते. सर्वेक्षणाचे पुण्यातील पश्चिम मंडळ १९५५ मधले. खरा झगडा पद्धतींचा होता. सांतापाव वाळवलेल्या, कागदावर चिकटवलेल्या नमुन्यातून जाती ओळखत. जानकीबाईंना वाढत्या मुळाचे जिवंत टोक हवे असे. आणि गंमत अशी, की ज्या झाडाची गुणसूत्रे मोजली त्याचा वाळका नमुना जपून ठेवला नाही, तर ती संख्या नेमकी कोणाची, हे पुढच्या अभ्यासकाने ठरवायचे कसे?

आयुष्याच्या अखेरीस त्या मद्रासजवळ मदुरवायल येथे औषधी वनस्पतींत रमल्या होत्या. तेवढ्यात केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणाखाली जाणार, हे ठरत आले. ऐंशीच्या घरातल्या जानकीबाईंनी विरोधकांना साथ दिली. शिवाय पाण्याखाली जाण्यापूर्वी त्या वृक्षांची गुणसूत्रे मोजण्याचे काम अंगावर घेतले. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्या वारल्या. प्रकल्प तोवर सोडून देण्यात आला होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले.