बर्फ पडण्यापूर्वीचे मतदान

मतदानाच्या दिवशी पाऊस आला की संध्याकाळी सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो. टक्का किती घसरला? अमेरिकेतल्या तीन राज्यशास्त्रज्ञांनी २००७ साली तिथल्या अध्यक्षीय निवडणुकांचा असा हिशेबच मांडला. नेहमीपेक्षा एक इंच जास्त पाऊस झाला, तर मतदान एक टक्क्याहून किंचित कमी इतके घटते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण तिथे मतदानाचा दिवस १८४५ पासून कायद्याने बांधलेला आहे: नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. आभाळ बघून तारीख ठरवण्याची सोयच नाही. आपल्याकडे तारीख निवडणूक आयोग ठरवतो. म्हणून आपल्याकडचा खरा प्रश्न मतदाराने छत्री उघडण्याच्या कितीतरी आधी सुटतो, किंवा बिघडतो. हिमाचल प्रदेशात हे दोन्ही घडले आहे.

देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक आपण १९५२ ची म्हणतो. देशाच्या बहुतेक भागात मतदान व्हायला जानेवारी १९५२ उजाडला, हे खरेच. पण पहिली मते पडली ती २५ ऑक्टोबर १९५१ रोजी, हिमाचलातल्या चिनी तहसिलात. हाच आजच्या किन्नौरचा भाग. थंडीत बर्फ पडले की खिंडी बंद होतात, पायवाटा बुजतात. मग मतपेट्या न्यायच्या कुठून आणि आणायच्या कुठून? त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, त्यामुळे ओझेही काही थोडेथोडके नव्हते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने चिनी आणि पांगी या दुर्गम भागांचे मतदान बर्फाआधीच उरकून घेतले. कल्प्याचे शाळामास्तर श्यामसरण नेगी यांची त्या दिवशी दुसऱ्या गावी निवडणुकीची ड्यूटी होती. त्यांनी सकाळीच आपल्या गावी मत दिले आणि मग ते कामाला गेले. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून त्यांचे नाव पुढे देशभर झाले.

इथपर्यंतची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. त्या लोकांना निकालासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागले, हे मात्र सहसा सांगत नाही. आणि पुढे जे झाले ते तर त्याहून कमी जणांना ठाऊक असते.

पुढे हिमाचल विधानसभेच्या निवडणुका फेब्रुवारीत येऊ लागल्या. किन्नौर, लाहौल-स्पिती आणि भरमौर हे तीन मतदारसंघ त्या वेळी बर्फाखाली. मग तिथले मतदान जूनवर ढकलायचे, म्हणजे टक्का राखला जातो. मार्ग सोयीचा खरा. पण १९९८ मध्ये काय झाले पाहा. फेब्रुवारीत ६८ पैकी ६५ जागांसाठी मतदान झाले. काँग्रेस आणि भाजप यांच्यात अगदी चुरस होती, एकेका आमदाराची मोजदाद चालली होती. मार्चमध्ये हिमाचल विकास काँग्रेसच्या पाठिंब्यावर प्रेमकुमार धुमल मुख्यमंत्री झाले. उरलेल्या तीन मतदारसंघांत मतदान झाले जूनमध्ये! २००३ मध्ये पुन्हा तेच. २६ फेब्रुवारीला बाकी राज्याचे मतदान, ६ मार्चला वीरभद्र सिंह यांचा शपथविधी आणि डोंगरातल्या तिघांचे मतदान ८ जूनला.

मला विचाराल तर, बर्फातून चालत जाऊन मत देण्यापेक्षा हे वाईट. मत द्यायला मिळाले, पण सरकार आधीच बसलेले! अशा वेळी मतदाराने करायचे काय? सत्तेवर आलेल्याकडे बघून मत द्यायचे, की मुद्दाम उलटे द्यायचे? टक्केवारीच्या तक्त्यात हे नुकसान कुठेच दिसत नाही.

२००७ साली आयोगाने १९५१ ची रीत पुन्हा धरली. या तीन जागांचे मतदान १४ नोव्हेंबरला आणि बाकीच्यांचे १९ डिसेंबरला झाले. मतमोजणी मात्र सगळ्यांची एकत्र, २८ डिसेंबरला. म्हणजे थांबणे डोंगरातल्यांच्याच वाट्याला आले, पण त्यांचे मत तरी वेळेत मोजले गेले. २०१२ मध्ये त्याच्याही पुढचे पाऊल पडले. सगळ्या राज्याने एकाच दिवशी, ४ नोव्हेंबरला मतदान केले आणि निकाल लागला २० डिसेंबरला. तब्बल ४६ दिवस मतदान यंत्रे कुलपात! उमेदवारांचा जीव टांगणीला आणि आचारसंहितेमुळे सरकारी कामेही अडलेली. याबद्दल कुरकुर झाली तर नवल नाही. पण तीन मतदारसंघांसाठी उरलेल्या पासष्टांनी आपली तारीख बदलली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. २०१७ आणि २०२२ मध्येही मतदान नोव्हेंबरातच झाले.

२०२२ ची तारीख होती १२ नोव्हेंबर. नेगी मास्तरांनी त्याआधीच, २ तारखेला, कल्प्यात टपाली मत दिले आणि ५ तारखेला ते वारले. १२ तारखेला स्पितीत पंधरा हजार फुटांहून उंचावरच्या ताशीगंग केंद्रावर ५२ मतदार होते. बर्फ असूनही त्यांतल्या ५१ जणांनी मत दिले आणि त्यांची मते ८ डिसेंबरला शिमल्यातल्या मतांबरोबरच मोजली गेली.