सोडलेला मासा जगतो का?

श्रोते मंडळी, गळाला लागलेला मासा हाती आला, फार लहान दिसला, म्हणून धरणाऱ्याने तो पुन्हा पाण्यात टाकला. पाहणाऱ्याला वाटते, बरे झाले, एक जीव वाचला. पण तो खरोखरच वाचतो का? प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता अमेरिकेत मात्र तीस-चाळीस वर्षे गेली. नियम करावे लागले, एक मागे घ्यावा लागला, पुन्हा नवा करावा लागला. आज तीच हकिगत तुमच्यापुढे मांडायची आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेला मेक्सिकोचे आखात आहे. तिथल्या खडकाळ तळावर ‘रेड स्नॅपर’ नावाचा तांबडा मासा राहतो. आपल्या कोकणातली तांबोशी याच कुळातली. हा मासा दीर्घायुषी. पन्नास वर्षांवर जगलेले नमुनेही सापडले आहेत. त्याला धरणारे लोक दोन प्रकारचे. एक पोटासाठी धरणारे, आणि दुसरे सुट्टीच्या दिवशी होडी काढून हौसेने गळ टाकणारे. हौसेसाठी मासा धरायचा आणि पुन्हा सोडायचा, हे आपल्याकडच्या माणसाला जरा नवलाचे वाटेल; पण तिकडे अशा हौशी लोकांची संख्या लाखांनी मोजावी लागते. इतके गळ पाण्यात पडू लागल्यावर मासा कमी झाला, यात आश्चर्य ते काय?

१९७६ साली अमेरिकेने समुद्री मासेमारीचा कायदा केला आणि निरनिराळ्या किनाऱ्यांसाठी मंडळे नेमली. आखाताच्या मंडळाची योजना १९८४ साली अमलात आली. तीत एक नियम असा होता, की १३ इंचांहून लहान तांबडा मासा ठेवायचा नाही, परत सोडायचा. पुढे हौशी मच्छीमारांसाठी ही मर्यादा वाढत जाऊन २००० साली १६ इंच झाली. २००७ पासून माणशी दिवसाला दोनच मासे, असेही ठरले. विचार सरळ होता. पिल्लाला वाढू द्या, त्याला अंडी घालू द्या, म्हणजे समुद्र पुन्हा भरेल.

पण झाले काय? माणसे नियम पाळीत, लहान मासा इमानाने पाण्यात सोडीत, आणि तो मासा पोट वर करून तरंगत राही! डोळे बाहेर आलेले, तोंडातून जठर लोंबते आहे, खाली जाण्याची धडपड चालू आहे. तेवढ्यात एखादा डॉल्फिन येई किंवा वरून पाणपक्षी झडप घाली. मासा ना ताटात आला, ना समुद्रात राहिला. दया दाखवली, पण ती त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

याचे कारण काय? शिक्षक बंधुभगिनींनो, हे कारण तुम्ही दरवर्षी वर्गात शिकवता. रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली वायूचा एक नियम मांडला: तापमान तेच असताना दाब कमी झाला, की वायूचे आकारमान त्याच प्रमाणात वाढते. समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे ३० मीटरवर एकूण दाब चौपट. या माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्या जोरावर तो पाण्यात तोल सावरतो. आपली घोळ आहे ना, तिच्या पोटातली अशीच पिशवी वाळवून मोठ्या किमतीला विकतात. आता ३० मीटरवरून मासा झरझर वर ओढला, तर त्या पिशवीतली हवा चौपट जागा मागते. तांबड्या माशाला ती तोंडावाटे पटकन बाहेर टाकता येत नाही. मग पिशवी फुगते, कधी फाटते, आणि बाकीचे अवयव बाहेर ढकलते.

वर्गात दाखवायचे असेल, तर सुई काढलेली मोठी पिचकारी घ्या. तिच्यात हवा भरलेला, तोंड बांधलेला बोटभर फुगा ठेवा. टोक बोटाने घट्ट बंद करून दांडा मागे ओढा. फुगा डोळ्यांदेखत मोठा होईल. मुलांना सांगा, हीच त्या माशाची कळ.

कारण कळले, तेव्हा उपायही निघाला: पोकळ सुईने पिशवीतली हवा काढायची. जून २००८ पासून आखातात अशी सुई होडीवर बाळगणे सक्तीचे झाले. पण तिथेही हात चुकत. तोंडातून आलेले जठर म्हणजेच ती पिशवी, असे समजून पुष्कळ लोक तेच टोचीत. खरी जागा छातीच्या परामागे, बरगडीशी. सुई तिरकी धरून अलगद टोचावी लागते. २००९ साली जीन वाइल्ड या संशोधकाने आधीचे अनेक प्रयोग एकत्र पडताळले. सुईने सरसकट फायदा होतो, असे त्यांना दिसले नाही. खोल पाण्यातल्या माशाला तर अपायच होण्याचा संभव दिसला. शेवटी २०१३ साली ती सक्ती उठली. नियम करणाऱ्यांनी आपला नियम मागे घेतला, यात कमीपणा मानायचे कारण नाही.

मग दुसरा विचार पुढे आला. दाब कमी झाल्याने दुखणे झाले ना? तर दाबच परत द्या! माशाच्या जबड्याला चिमटा लावायचा, त्याला वजन बांधायचे, आणि मासा पुन्हा खोल नेऊन सोडायचा. कोणी वजन बांधलेला उलटा क्रेट वापरतात. मासा त्याच्याखाली कोंडून खाली जातो आणि तळाशी मोकळा होतो. अलास्कात ‘यलोआय रॉकफिश’ या माशावर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. खोल नेऊन सोडलेले जवळजवळ सर्व मासे १७ दिवसांनंतरही जिवंत असल्याचे त्यात आढळले. वरच सोडलेल्यांपैकी बहुतेकांना बुडीसुद्धा मारता आली नव्हती. २०२० साली अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर खडकातले मासे धरणाऱ्या होडीत असे साधन ठेवणे बंधनकारक झाले. आखातासाठीचा कायदा जानेवारी २०२१ मध्ये मंजूर होऊन २०२२ पासून लागू झाला. त्यात सुई किंवा हे साधन, दोहोंपैकी एक तयार ठेवा, असे सांगितले होते.

दाबाइतकीच गळाची जखमही घातक. साधा गळ मासा गिळतो आणि तो आत आतड्यात रुततो. गोल गळाचे टोक आत वळलेले असते. तो घशातून निसटत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. २००८ च्या नियमात हाही गळ होता. पण ही युक्ती नवी मुळीच नव्हे. प्रशांत महासागरातले बेटवासी हाडाचे आणि शिंपल्याचे असे गळ पिढ्यानुपिढ्या करीत आले. जपानच्या ओकिनावा बेटावरील गुहेत शंखाच्या कवचाचे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे वाकडे गळ सापडल्याचे २०१६ साली जाहीर झाले.

आता आपल्या दारातले. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या जलचरांसाठी किमान लांबी ठरवली. हेतू तोच, पिल्लू वाढू द्या. पण आपल्याकडचा बहुतेक मासा जाळ्यात येतो, आणि जाळे वर येईतो त्यातला पुष्कळ मेलेला असतो. तो सोडून काय उपयोग? तिथे दया आधीच दाखवायला हवी, म्हणजे जाळ्याचे आस मोठे ठेवायला हवेत. गळाने धरणाऱ्याने मात्र हात ओले करून मासा धरावा, कल्ल्यांत बोटे घालू नयेत, गळ खोल गिळला असेल तर ओढू नये, दोरी कापावी, आणि लवकर पाण्यात सोडावा.

मंडळी, सोडणे हे अर्धेच काम आहे. सोडल्यावर त्या जिवाचे काय झाले, हे पाण्यात डोकावून पाहिले, तेव्हाच अमेरिकेतल्या त्या लोकांना आपली चूक दिसली.