जिप्सीचा एक्सल बदलायचा आहे? दुकानात जाण्याआधी काय मोजाल?

पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी आणि खारेपाट, रोह्याला कुंडलिका नदी आणि सभोवती डोंगर. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात दगड, आणि खाडीकाठी बारा महिने खारे पाणी. अशा भागात छोटी फोर बाय फोर गाडी वापरणाऱ्याला कधी ना कधी एक्सलचा खर्च येतोच. मारुती जिप्सीच्या मालकांना तर हा प्रश्न जास्त सतावतो. ही गाडी 1985 च्या डिसेंबरमध्ये बाजारात आली आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यामुळे आता सुट्या भागांसाठी जुना साठा, मोडीतल्या गाड्या किंवा इतर कंपन्यांनी बनवलेला माल, एवढेच पर्याय उरतात. यातला कोणताही घेतला तरी चुकीचा भाग गळ्यात पडण्याची शक्यता असतेच.

एक्सल म्हणजे नेमके काय?

पहिला गोंधळ शब्दातच आहे. गॅरेजमध्ये 'एक्सल गेला' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा आतला शाफ्ट तुटलेला असतो. डिफरन्शियलमधून चाकापर्यंत फिरणारी ताकद नेणारा पोलादी दांडा म्हणजे हा शाफ्ट. त्याच्या बाहेरची नळी आणि मधला गोळा मिळून हाउसिंग होते. फक्त शाफ्ट हवा आहे की हाउसिंगसकट सगळा एक्सल, हे ठरल्याशिवाय भाव विचारण्यात अर्थ नाही.

जिप्सीत मागच्या शाफ्टवर दुहेरी काम असते. तो चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. त्यामुळे तो बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला तुटला, किंवा बेअरिंग धरून ठेवणारी रिंग सुटली, तर चाक ड्रमसकट गाडीपासून वेगळे होऊ शकते. त्या चाकाचा ब्रेकही त्याच क्षणी जातो. घाटात असे झाले तर काय होईल, हे सांगायला नको. तुटलेला शाफ्ट वेल्डिंग करून पुन्हा बसवणे म्हणूनच धोक्याचे आहे. मोठ्या ट्रकमध्ये वजन हाउसिंगवर असते, शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. तिथला अनुभव जिप्सीला लावता येत नाही.

नॅरो की वाइड?

सुरुवातीच्या जिप्सीत पुढच्या दोन चाकांमधले अंतर 1210 मिमी होते. 1993 मध्ये आलेल्या वाइड ट्रॅक मॉडेलमध्ये ते 90 मिमीने वाढून 1300 झाले. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, पण शाफ्टची लांबी वेगळी. त्यात मधला गोळा बरोबर मध्यावर नसल्याने एकाच एक्सलचे डावा आणि उजवा शाफ्टही सारख्या लांबीचे नसतात. 'जिप्सीचा मागचा एक्सल द्या' एवढ्यावर घेतलेला भाग परत करावा लागतो तो यामुळेच. जुना शाफ्ट, तुटलेला असेल तर दोन्ही तुकडे, सोबत न्यावा आणि टोकावरचे दात मोजावेत. सुझुकीच्या या घराण्यात 22 आणि 26 दातांचे शाफ्ट आढळतात.

हाउसिंगसकट एक्सल घेताना आणखी एक आकडा तपासावा लागतो: क्राऊन आणि पिनियनचे प्रमाण. क्राऊनला 37 आणि पिनियनला 9 दात असतील तर ते 4.11, 41 आणि 11 असतील तर 3.73. पुढचे आणि मागचे प्रमाण एकच असलेच पाहिजे. नाहीतर फोर बाय फोर लावताच दोन्ही एक्सल एकमेकांशी झगडू लागतात आणि काहीतरी मोडेपर्यंत थांबत नाहीत. गोळा न उघडताही हे कळते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, बाकीच्या चाकांना नीट ओट लावून, एकच मागचे चाक जॅकवर उचलावे आणि हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्टचे जितके फेरे होतील, तेच प्रमाण.

जुना, नवा की 'हेवी ड्युटी'?

मोडीतला शाफ्ट वाईटच असतो असे नाही. मात्र दात नीट पाहावेत. ते सरळ रेषेत न दिसता किंचित पिळलेले दिसले, तर तो शाफ्ट आधीच थकलेला आहे. ऑइल सील बसते तिथे नखाला चर लागत असेल, तर नवे सीलही गळणारच. खाडीकाठच्या गाडीचा माल असेल तर गंजाने पडलेले बारीक खड्डे शोधावेत, कारण तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. लेथवर बनवून घेतलेला शाफ्ट मापात बरोबर असला तरी त्याला योग्य उष्णतेची प्रक्रिया मिळाली नसेल तर तो लवकर पिळतो किंवा काचेसारखा मोडतो.

ईएन 24 सारख्या मिश्र पोलादाचे महाग शाफ्ट खरोखर मजबूत असतात. पण शाफ्ट मजबूत केला म्हणजे ताण नाहीसा होत नाही, तो पुढच्या कमकुवत भागावर, म्हणजे बऱ्याचदा क्राऊन-पिनियनवर जातो. शाफ्टपेक्षा क्राऊन-पिनियनचे काम जास्त खर्चाचे. त्याआधी शाफ्ट का तुटला हे पाहिलेले बरे. 205/70 आर 15 टायरच्या जागी 235/75 आर 15 लावला की व्यास सुमारे 668 मिमीवरून 733 मिमी होतो, आणि चाकाची पकड तेवढीच धरली तरी शाफ्टवरचा पीळ जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढतो. अनेकदा दोष शाफ्टचा नसून हौसेने लावलेल्या टायरचा असतो.

कायद्याचीही एक बाजू आहे. मूळ मापाचा शाफ्ट बदलणे ही दुरुस्ती. पण नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतो. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले. खासगी गाडीला 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण लागते, आणि एमएच-06 च्या गाड्यांना त्यासाठी पेणचेच आरटीओ कार्यालय गाठावे लागते. उंची आणि टायर वाढवलेली गाडी तिथे अडू शकते.

बसवताना बेअरिंग हातोड्याने ठोकू देऊ नये, ते प्रेसवरच बसते. त्याची रिंग आणि सील नवेच घ्यावे. तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचले जाते. म्हणून हाउसिंगवरच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे तोंड वर, बॉनेटखाली किंवा टपाजवळ न्यावे. काही रुपयांची ही नळी बेअरिंग वाचवते. पाण्यातून गाडी गेली की घरी आल्यावर गोळ्याचा फिलर नट उघडून बोट घालून पाहावे. तेल ताकासारखे पांढरट दिसले, तर पुढच्या फेरीची वाट न पाहता ते बदलावे.