ईस्ट पॅलेस्टाइन रेल्वे अपघात

अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील ईस्ट पॅलेस्टाइन या गावाजवळ ३ फेब्रुवारी २०२३ रोजी रात्री ज्वालाग्राही व विषारी रसायने नेणारी मालगाडी रुळांवरून घसरून झालेला अपघात. ही गाडी नॉरफोक सदर्न कंपनीची होती. तिचे ३८ डबे घसरले; त्यांपैकी ११ डब्यांत घातक पदार्थ होते. आगीने आणखी काही डबे वेढले. अपघातात थेट जीवितहानी झाली नाही.

कारण : एका डब्याच्या चाकाचे बेअरिंग तापून निकामी झाले. रुळांलगतच्या तापमापक यंत्राने सेलम येथे बेअरिंगचे तापमान सभोवतालच्या हवेपेक्षा १०३° फॅ. अधिक नोंदवले, पण ते धोक्याच्या पातळीखाली होते. सुमारे ३० किमी. पुढच्या यंत्रावर हा फरक २५३° फॅ. झाला आणि इशारा मिळाला, तोवर उशीर झाला होता.

परिणाम : घसरलेल्या पाच टँक वॅगनींत पीव्हीसीच्या निर्मितीत लागणारे, कर्करोगकारक व्हिनिल क्लोराइड होते. स्फोटाच्या भीतीने परिसर रिकामा करून ६ फेब्रुवारीस ते मुद्दाम बाहेर सोडून जाळण्यात आले. जळताना त्यापासून हायड्रोजन क्लोराइड व अल्प प्रमाणात फॉस्जीन तयार होऊ शकतो. रसायने जवळच्या ओढ्यांत उतरून हजारो मासे मेले. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०२४ मध्ये हे ज्वलन अनावश्यक होते, असा निष्कर्ष काढला. रहिवाशांच्या सामूहिक दाव्यात कंपनीने ६० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली.